जक्कयाचा हिशेब

यार्देन नदीच्या काठी बाप्तिस्मा देणारा योहान पश्चात्तापाचा उपदेश करत होता, तेव्हा लोकांनी त्याला विचारलं, "मग आम्ही काय करावं?" लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रश्न तीन वेळा येतो. विचारणारे तीन वेगळे गट आहेत आणि योहानाची उत्तरंही तीन वेगळी आहेत. सर्वसाधारण लोकांना तो सांगतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचंही तसंच करावं. जकातदारांना सांगतो, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, धाकदपटशा करून पैसे उकळू नका, कुणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात भागवा.

रडा, छाती पिटा, उपास करा, यातलं काहीही तो सांगत नाही. नोकरी सोडून वाळवंटात या, असंही म्हणत नाही. ज्याचा जो धंदा, त्या धंद्यात जिथे हात घाण होतात नेमकी तीच जागा तो दाखवतो. जकातदाराला अंगरख्याबद्दल सांगत बसत नाही, आणि शिपायाला जकातीच्या दराबद्दल.

ख्रिस्ती विश्वासात पश्चात्ताप म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी आधी हाच उतारा वाचायला सांगतो. आपल्याकडे या शब्दाभोवती भावनेचा फार मोठा ढीग साचला आहे. मन भरून आलं, डोळे ओले झाले, प्रवचन ऐकताना काहीतरी हललं, म्हणजे पश्चात्ताप झाला असं आपण धरून चालतो. भावनेला कमी लेखायचं नाही, तिचंही काम आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण शास्त्रातला पश्चात्ताप म्हणजे देवाकडे परत वळणं, आणि वळलेल्या माणसाने मागे केलेली मोडतोड दुरुस्त करणं. यातलं एक गळलं की दुसरं फार काळ टिकत नाही.

यरीहोतला मुख्य जकातदार

जक्कयाची गोष्ट रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. बुटका माणूस, उंबराचं झाड, येशू खाली बोलावतो. पण त्याच्या तोंडचं वाक्य मोठी माणसंही घाईने वाचतात. लूक 19:8 मध्ये जक्कय म्हणतो की मी माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि कुणाकडून अन्यायाने काही घेतलं असेल तर ते चौपट परत करतो.

हे वाक्य कागदावर आकडे मांडून बघा. समजा त्याच्याकडे एकूण 8 लाख रुपये आहेत. अर्धे, म्हणजे 4 लाख, गरिबांना गेले. उरले 4 लाख. त्यातून फसवलेल्यांना चौपट द्यायचं, म्हणजे जास्तीत जास्त 1 लाखाची लबाडी त्यातून भरून निघते. एकूण मालमत्तेच्या आठव्या हिश्शाहून अधिक लुबाडलं असेल, तर हा माणूस त्याच दिवशी कफल्लक. मुख्य जकातदार होता, पै-पैचा हिशेब ठेवणारा. आपण काय बोलतोय हे त्याला पुरतं ठाऊक असणार.

आता हे बायबलच्या जुन्या करारातल्या नियमशास्त्राशी ताडून बघा. कुणी फसवून काही घेतलं आणि नंतर आपणहून कबूल केलं, तर त्याने मूळ ऐवज आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं लेवीय 6 आणि गणना 5 मध्ये आहे. 1 लाखाचे 1 लाख 20 हजार. चौपट भरपाई आहे ती निर्गम 22 मध्ये, पण ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. बैलाला पाचपट, आणि चोरलेलं जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. जक्कय आपणहून पुढे आला होता, त्यामुळे त्याला पाचव्या हिश्शावर सुटता आलं असतं. त्याने स्वतःला मेंढरू चोरून विकणाऱ्या चोराच्या रांगेत उभं केलं आणि तो दर लावला. खऱ्या पश्चात्तापाची एक खूण मला इथे दिसते. माणूस स्वतःसाठी सवलतीचं कलम शोधत नाही.

मात्र या गोष्टीतला क्रम उलटा करून चालणार नाही. येशू झाडाखाली थांबतो, नावाने हाक मारतो, "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे" म्हणतो, आणि हे सगळं जक्कयाने एक पैसाही परत करण्याआधी घडतं. कृपा आधी येते, हिशेब मागून. परतफेड करून क्षमा विकत घेता येत नाही, हे प्रॉटेस्टंट मंडळी बजावून सांगतात आणि ते योग्यच आहे. कॅथलिक शिकवणही तेच सांगते: देवाने आधी हृदय हलवल्याशिवाय माणूस वळतच नाही. फक्त या सत्याचा आडोसा घेऊन परतफेड टाळणारे लोक दोन्हीकडे आहेत. "प्रभूने माफ केलं, आता मागचं कशाला उकरायचं?" हे वाक्य सहसा देणेकऱ्याच्या तोंडी असतं, घेणेकऱ्याच्या नाही.

पाहणं आणि वाईट वाटणं

पश्चात्तापाची सुरुवात पाहण्यापासून होते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दावीद राजाचंच बघा. बथशेबेशी व्यभिचार, मग तिचा नवरा उरीया याला लढाईच्या तोंडी देऊन मारवणं, हे सगळं करून तो निवांत राज्य करत होता. नाथान संदेष्टा येऊन त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगतो, ज्याने गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापतो आणि निकाल देतो की त्याने मेंढीची चौपट भरपाई करावी. तोच निर्गम 22 चा दर! दुसऱ्याच्या पापाचं कलम त्याला तोंडपाठ होतं. नाथानाला एवढंच म्हणावं लागलं, "तो मनुष्य तूच आहेस."

स्वतःकडे असं पाहता यावं म्हणून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आत्मपरीक्षणाची रीत आहे. लोयोलाच्या संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात घालून दिलेली पद्धत आजही सगळ्यात सोपी आहे. रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. प्रथम दिवसभरात मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार. मग स्वतःला खरं दिसावं म्हणून प्रकाश मागणं. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवणं: कुणाशी काय बोललो, काय केलं, काय करायचं टाळलं. मग जे चुकलं त्याची क्षमा मागणं. शेवटी उद्याच्या दिवसासाठी एक ठोस निश्चय. आभार पहिले का, याला कारण आहे. मिळालेलं आठवल्याशिवाय आपण काय वाया घालवलं ते दिसत नाही. ती पायरी गाळून थेट पापांच्या यादीकडे गेलात, तर चार-आठ दिवसांत या परीक्षणाचं रूपांतर स्वतःला झोडपण्यात होतं आणि मग ते सुटतं.

पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे पापं सांगण्याच्या तयारीसाठी बहुतेक जण दहा आज्ञांची यादी वापरतात. त्यात एक धोका आहे. "खून केला नाही, चोरी केली नाही" असं म्हणत माणूस भराभर खाली येतो. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, सुरुवातीच्या प्रार्थनेत आपण विचाराने, शब्दाने, कृतीने आणि करायला हवं होतं ते न केल्याने झालेली पापं कबूल करतो. यातला चौथा प्रकार जवळपास कुणीच तपासत नाही. म्हणून यादी व्यवसायाला आणि नात्यांना लावून बघावी, योहानाने केलं तसं. शिक्षक असाल तर तयारी न करता वर्गात गेलात का? दुकानदार असाल तर वजनकाट्याचं काय? घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार वेळेवर दिला का, तिच्या सुट्टीचे पैसे कापले का? आजारी सासऱ्यांच्या खोलीत आठवडाभर पाऊल टाकलं का? याकोबाच्या पत्रात (5:4) मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं लिहिलंय. महिनाअखेरीला पगार वाटणाऱ्या प्रत्येकाने ते वचन वाचावं.

आता वाईट वाटण्याबद्दल. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (7:10) पौल दोन प्रकारची दुःखं वेगळी करतो. एक देवाला अनुसरून असलेलं, ज्यातून पश्चात्ताप होतो. दुसरं जगाचं, ज्यातून मरण येतं. दोन्हींत रडू येतं, त्यामुळे रडण्यावरून फरक कळत नाही. पुढच्याच वचनात पौल पहिल्या दुःखाची फळं सांगतो. त्यात कळकळ आहे, चुकीबद्दल चीड आहे, झालेल्या अन्यायाचं निवारण व्हावं ही तळमळ आहे. सगळी फळं बाहेर, दुसऱ्याच्या दिशेने धावणारी. जगाचं दुःख मात्र स्वतःभोवतीच फिरतं: लोक काय म्हणतील, माझी किंमत काय राहिली, मी असा कसा निघालो.

शौल राजाचं उदाहरण याला चपखल आहे. 1 शमुवेल 15 मध्ये तो "मी पाप केलं आहे" असं चक्क दोनदा म्हणतो. पहिल्यांदा लगेच जोडतो की मी लोकांना भ्यालो. दुसऱ्यांदा जोडतो की आता माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. कबुलीचे शब्द अगदी बरोबर, लक्ष सगळं प्रतिष्ठेवर. दाविदाचे शब्द जवळजवळ तेच आहेत, पण त्यांना शेपूट नाही. 51वं स्तोत्र त्याच्या नावावर आहे, त्यातही सबबीची एक ओळ सापडणार नाही.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याच्याकडे पाहिलं की मात्र माझ्यासारख्या भरपाईवर भर देणाऱ्याला थबकावं लागतं. मत्तय 27 वाचा. त्याला वाईट वाटलं. "निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं" असं त्याने स्पष्ट सांगितलं. चांदीची तीस नाणी परत नेऊन दिली. दुःख, कबुली, परतफेड, तिन्ही झालं! पण तो गेला त्याच याजकांकडे, ज्यांनी हा व्यवहार केला होता. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो परतलाच नाही. दुसरा शिष्य पेत्र यानेही त्याच रात्री तीनदा प्रभूला नाकारलं होतं. तोही बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण शिष्यांना सोडून गेला नाही, आणि नंतर तळ्याकाठी येशू दिसताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. दोघांच्या पापाचं वजन करत बसण्यात अर्थ नाही. एकाला क्षमेची आशा होती, दुसऱ्याने ती सोडली. जो माणूस "माझ्या पापाला क्षमाच नाही" असं म्हणतोय, तो फार खोल पश्चात्तापात आहे असं कुणी समजू नये. त्याला एकटं सोडू नये. त्याच्या सोबत बसावं, फादरना किंवा पाळकांना बोलवावं आणि गरज असेल तर डॉक्टरांचीही मदत घ्यावी.

सांगणं

दुःख मनातल्या मनात राहिलं की ते धूसर होत जातं. म्हणून सांगणं आलं. कुणाला आणि कसं, यात मंडळ्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

पहिल्या शतकांत बाप्तिस्म्यानंतर मूर्तिपूजा, खून, व्यभिचार अशी भारी पापं घडली तर प्रायश्चित्त उघड असे आणि खूप लांब चाले. चौथ्या शतकात कैसरियाच्या संत बेसिलने घालून दिलेल्या नियमांत जाणूनबुजून केलेल्या खुनाला 20 वर्षं आहेत: 4 वर्षं चर्चच्या दाराबाहेर रडत उभं राहायचं, 5 वर्षं फक्त वचन ऐकून निघून जायचं, 7 वर्षं गुडघे टेकून, 4 वर्षं सर्वांबरोबर उभं राहायचं पण ख्रिस्तप्रसाद (उपासनेतली पवित्र भाकर) घ्यायचा नाही. त्याच नियमांत चोराने आपणहून कबूल केलं तर 1 वर्ष आणि पकडला गेला तर 2 वर्षं आहेत. आपणहून आलेल्याला अर्धी शिक्षा, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. राजाही यातून सुटत नसे. सन 390 मध्ये थेस्सलनीका शहरात हजारोंची कत्तल करवल्याबद्दल मिलानच्या बिशप अँब्रोझने सम्राट थिओडोसियसला ख्रिस्तप्रसाद नाकारला, आणि सम्राटाने सर्वांसमोर प्रायश्चित्त केलं. पाचव्या शतकातला इतिहासकार थिओडोरेट आणखी एक गोष्ट सांगतो. अँब्रोझने सम्राटाकडून असा कायदा करून घेतला की मृत्युदंडाचा हुकूम निघाला तरी तो 30 दिवस अमलात आणायचा नाही. रागाच्या भरात पाप घडलं, म्हणून रागाला मध्ये महिनाभराची आडकाठी घातली. प्रायश्चित्त असंच नेमकं असावं.

पुढे आयरिश मठवासीयांनी खासगी आणि पुन्हापुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची रीत युरोपभर नेली. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा ते बंधनकारक केलं. सोळाव्या शतकात मिलानच्याच आर्चबिशप कार्लो बोरोमेओने मध्ये जाळी असलेल्या लाकडी खणाचा आग्रह धरला. गोव्याच्या जुन्या चर्चमध्ये तसे खण दिसतात. गोव्यात या सगळ्याला कुमसार म्हणतात.

आजचा विधी छोटा आहे. क्रुसाची खूण करायची. शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगायचं. मग पापं: भारी पापं प्रकार आणि साधारण संख्येसह, बाकीची जमतील तशी. फादर दोन शब्द सांगतात आणि प्रायश्चित्त देतात. मग अनुतापाची प्रार्थना, फादरांकडून पापक्षमेचे शब्द, आणि निरोप. पाप भारी ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणं, ती गंभीर आहे हे ठाऊक असणं, आणि तरीही मनापासून संमती देणं. फादरांवर गुप्ततेचं बंधन इतकं कडक आहे की त्यांनी ते थेट मोडलं तर ते आपोआप मंडळीबाहेर होतात, आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार फक्त रोमला आहे.

चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त होते ती मोघमपणाची. "फादर, मी रागावतो, खोटं बोलतो" हे वर्णन गावातल्या प्रत्येकाला लागू पडतं. "भावाच्या जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय ते न सांगता मी त्याची सही घेतली" हे पापनिवेदन. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्याची पापं सांगणं. सुनेने सासूचं आणि सासूने सुनेचं निवेदन केलं तर दोघी जशा आल्या तशाच घरी जातात. तिसरी चूक "पण". वाक्यात पण आला की पुढचं सगळं वकिली असतं. चौथी, आणि खरोखर घातक, म्हणजे एक भारी पाप लाजेपोटी मुद्दाम लपवणं. तसं केलं तर पापनिवेदनाचा संस्कार निष्फळ होतो, आणि बाकी सांगितलेलंही पुन्हा सांगावं लागतं. विसरलेल्या पापाचं तसं नाही, त्याची क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी आठवणीने सांगितलं की झालं. लाज फारच वाटत असेल तर एक सोपा उपाय आहे. "फादर, एक गोष्ट सांगायला जड जातंय" एवढ्याने सुरुवात करावी आणि तीच गोष्ट सर्वांत आधी सांगून टाकावी.

याच्या उलट टोकाला अतिसंवेदनशील विवेक असतो. झालेल्या क्षमेवर विश्वासच बसत नाही, तेच पाप पुन्हापुन्हा सांगितलं जातं, प्रत्येक विचार पापच वाटतो. पुढे प्रॉटेस्टंट सुधारणेला तोंड फोडणारा मार्टिन लूथर तरुणपणी मठात तासन्तास पापनिवेदन करत असे. अशा माणसाने एकच फादर धरावेत, ते "हे पुन्हा सांगायचं नाही" म्हणाले की सांगू नये, आणि परीक्षण लांबवण्याऐवजी त्याला वेळेची मर्यादा घालावी.

याच लूथरने 31 ऑक्टोबर 1517 च्या आपल्या प्रबंधांतला पहिला मुद्दा असा मांडला की विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवाला दिली जाते, 1 योहान 1:9 च्या आधारावर. उपासनेत सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतात आणि पाळक क्षमेचं आश्वासन देतात. इथली अडचण वेगळी. प्रार्थना एका दमात म्हणून संपते आणि कुणाचंही नेमकं पाप तिला शिवत नाही. प्रार्थनेआधी निदान एक मिनिट शांतता ठेवली आणि प्रत्येकाने मनात आपलं एक पाप नावानिशी धरलं, तर तीच प्रार्थना जड होते. याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय, ते वचन प्रॉटेस्टंट घरांत फारच कमी वापरलं जातं. एका विश्वासू, तोंड मिटून राहणाऱ्या भावाला किंवा बहिणीला सांगणं हा त्याचा सरळ अर्थ.

सामुदायिक कबुलीची आपल्याकडची मोठी घटना म्हणजे 1905 चं केडगावच्या मुक्ती सदनातलं संजीवन, म्हणजे विश्वासाला आलेला नवा उमाळा. पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली तासन्तास प्रार्थना करत, रडत, मोठ्याने पापं कबूल करत. अशा उमाळ्याकडे संशयाने पाहणारे तेव्हाही होते. माझ्या मते उमाळ्याला हरकत घेऊ नये. सहा महिन्यांनी त्याची फळं काय राहिली, ते बघावं.

परत करणं

पापक्षमेने पाप जातं, पण पापाने केलेलं नुकसान तिथेच असतं. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून तीन "नमो मरिये" प्रार्थना सांगितल्या म्हणजे चोरलेले पैसे आपले होत नाहीत. बहुतेक गैरसमज इथेच आहेत, म्हणून जरा तपशिलात जातो.

पैसा किंवा वस्तू असेल तर ती मूळ मालकाला. तो वारला असेल तर वारसांना. वारसही सापडत नसतील तर गरिबांना किंवा धर्मकार्याला. गणना 5:8 मध्ये याची सोय आहे, घ्यायला नातलग नसेल तर ते परमेश्वराचं म्हणून याजकाकडे जातं. मालक माहीत असताना मात्र परस्पर चर्चच्या दानपेटीत टाकणं चालत नाही. ज्याचे आहेत त्याला डावलून देवाला दिलेलं दान होत नाही. स्वतःचं नाव सांगणं बंधनकारक नाही. पाकिटात घालून किंवा मध्यस्थामार्फत दिले तरी चालतं, फक्त ते पोचायला हवेत. रक्कम एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवावेत, आणि पहिला हप्ता लगेच द्यावा. "पुढे बघू" म्हणून ठेवलेलं देणं सहसा बुडतं.

बदनामी केली असेल तर काम जास्त अवघड आहे. खोटं पसरवलं असेल, तर ज्या ज्या लोकांना सांगितलं त्यांना "मी बोललो ते खोटं होतं" असं सांगावं लागतं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलं असेल तर त्याच ग्रुपवर, खासगी मेसेजमध्ये नव्हे. सांगितलेलं खरं होतं पण सांगायची गरज नव्हती, तर पेच पडतो. ते खोटं होतं असं म्हणता येत नाही, कारण तेच खोटं होईल. मग त्या माणसाचे खरे गुण त्याच लोकांत सांगणं, आणि आपण बोलायला नको होतं हे कबूल करणं, एवढं हातात उरतं.

माफी मागताना कुणाला बरं वाटावं म्हणून मागतोय, हे तपासून घ्यावं. समोरच्याला ठाऊकही नसलेली गोष्ट सांगून आपलं ओझं त्याच्या डोक्यावर टाकायचं आणि स्वतः हलकं व्हायचं, ही स्वार्थी माफी. असा प्रसंग असेल तर आधी फादर किंवा पाळक यांच्याशी बोलावं. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्या पाठीस लागून क्षमा वसूल करायचा अधिकार अपराध्याला नाही, आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनाही नाही. मारहाण करणारा नवरा रविवारी वेदीसमोर रडला, म्हणून बायकोने सोमवारी घरी परतलंच पाहिजे असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. त्याने दारू सोडण्यासाठी उपचार सुरू केले का, तिच्यासाठी आणि मुलांसाठी पैसे पाठवतोय का, काही महिने वागणं बदललेलं दिसतंय का, हे बघावं. गुन्हा असेल तर पोलिसांपुढे आणि कोर्टापुढे जे उत्तर द्यायचं ते द्यावंच लागतं. दाविदाला क्षमा झाल्याचं नाथानाने तिथल्या तिथे सांगितलं, तरी परिणाम टळले नाहीत.

जे परत करताच येत नाही त्याचं काय? उरीया मेला होता. त्याची भरपाई दावीद कुणालाच देऊ शकत नव्हता. 51वं स्तोत्र इथेच उभं आहे, होमबली देऊन भागणार नाही, भग्न हृदयाशिवाय माझ्याकडे काही नाही, असं म्हणत. अशा वेळी माणूस ते सरळ देवाच्या हाती सोपवतो, आणि आपल्या पापाने जशांचं नुकसान झालं तशा इतरांसाठी उरलेल्या आयुष्यात काहीतरी करतो. दारूच्या नशेत गाडी चालवून ज्याच्या हातून जीव गेला, त्याने कधीही पिऊन चाकामागे न बसणं हा निश्चय झाला. अपघातात घरचा कमावता गेलेल्या एखाद्या कुटुंबाच्या मुलांची फी भरणं ही भरपाईच्या दिशेची वाट झाली.

आणि तेच पाप पुन्हा घडलं तर? निश्चय खोटा होता असं लगेच ठरवू नये. पडेन ही भीती असणं वेगळं आणि पडायचं ठरवून येणं वेगळं. पहिल्याला क्षमा आहे, कितीही वेळा. पेत्राने सात वेळा का म्हणून विचारलं, तर येशूने सत्तर वेळा सात सांगितलं. दुसऱ्याला आधी ठरवलेलं मोडावं लागेल. पुन्हापुन्हा पडणारा माणूस बहुतेक वेळा पापाशी झगडत असतो, पण पापाच्या निमित्ताला हात लावत नाही. जुगाराचं अॅप फोनवर तसंच, रोज संध्याकाळी तोच बार वाटेत, त्याच माणसाशी रात्री बाराला चॅट. निश्चय करताना "यापुढे चांगला वागेन" असा करू नये. आज रात्री अॅप काढतो, खात्याचा पासवर्ड बायकोच्या हाती देतो, उद्यापासून स्टेशनवरून दुसऱ्या रस्त्याने घरी येतो, असा करावा, आणि पुढच्या पापनिवेदनाची तारीख त्याच दिवशी ठरवून ठेवावी.